लोखंड नाही, मग चुंबकत्व कुठून? कार्बन घातलेल्या झिंक ऑक्साइडविषयी

प्रश्न सोलापुरातल्याच एका संशोधक विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा : झिंक अ‍ॅसिटेट आणि ग्लुकोज घेऊन सोल-जेल पद्धतीने (द्रावणाचं जेल करून, ते वाळवून) कार्बन-डोप, म्हणजे थोडा कार्बन मिसळलेल्या, झिंक ऑक्साइडची पावडर केली आणि मफल फर्नेसमध्ये ५०० अंश सेल्सिअसला हवेत भाजली. कार्बनचं ठरवलेलं प्रमाण १ टक्का. त्यातली ६० मिलिग्रॅम पावडर व्हीएसएम या चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रासाठी बाहेर पाठवली, तर खोलीच्या तापमानाला हिस्टेरिसिस लूप आला, म्हणजे फील्ड काढल्यावरही थोडं चुंबकत्व उरतं असा आलेख. सॅच्युरेशन (जास्तीत जास्त चुंबकन) ०.००२ ईएमयू प्रति ग्रॅम, कोअर्सिव्हिटी (ते चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं फील्ड) ११० ओर्स्टेड. एक्सआरडी या स्फटिकरचनेच्या क्ष-किरण चाचणीत फक्त झिंक ऑक्साइडच्या रेषा, ईडीएस या मूलद्रव्यं ओळखणाऱ्या चाचणीत लोखंड नाही. झिंक, ऑक्सिजन, कार्बन यांतलं एकही चुंबकीय नाही, मग हे चुंबकत्व आलं कसं? ते खरं मानायचं का? आणि यावर पेपर लिहायचा का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की चुंबकीय मूलद्रव्य नसतानाही चुंबकत्व येऊ शकतं आणि त्यामागचं भौतिकशास्त्र पक्कं आहे. दुसऱ्याचं उत्तर, आज तुमच्या हातात जेवढी मोजमापं आहेत तेवढ्यावरून, नाही असं आहे. तिसऱ्याकडे शेवटी येते. मी अनेक वर्षं ऑक्साइडच्या फिल्म आणि पावडरी मोजत आले आहे, म्हणून हे जरा तपशिलात सांगावंसं वाटतं. या विषयात चांगल्या विद्यार्थ्यांची दोन-दोन वर्षं वाया गेलेली मी पाहिली आहेत, आणि ती टाळता येण्यासारखी होती.

चुंबकत्व म्हटलं की लोखंड, कोबाल्ट, निकेल डोळ्यासमोर येतात, कारण त्यांची ३डी कवचं अर्धवट भरलेली असतात. पण जोडी न जमलेला इलेक्ट्रॉन ३डीमध्येच असला पाहिजे असं कुठेही ठरलेलं नाही. ऑक्सिजनचा रेणू घ्या. त्यात २पी ऑर्बिटलपासून बनलेल्या पातळ्यांवर दोन इलेक्ट्रॉन एकेकटे, एकाच दिशेचा स्पिन घेऊन बसलेले असतात. म्हणून द्रवरूप ऑक्सिजन जोरदार चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ओतला तर तिथेच अडकून राहतो. घन ऑक्सिजन २४ केल्व्हिनच्या खाली चक्क अँटिफेरोमॅग्नेटिक होतो, म्हणजे शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट दिशेने रांगेत बसतात. तिथे धातूचा एकही अणू नाही, सगळं काम २पी इलेक्ट्रॉनचं.

आता झिंक ऑक्साइड. झिंक आपले दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, त्याचं ३डी कवच दहाच्या दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेलं राहतं, ऑक्सिजनचं २पी कवच पूर्ण होतं. सगळ्यांच्या जोड्या जमलेल्या, म्हणून शुद्ध झिंक ऑक्साइड डायमॅग्नेटिक, म्हणजे चुंबकापासून किंचित दूर ढकललं जाणारं. एखाद्या ऑक्सिजनच्या जागी कार्बन बसवला की दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात, म्हणजे त्या जागी दोन होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) तयार होतात. ते कार्बनच्या २पी ऑर्बिटलमध्ये राहतात आणि हुंडच्या नियमाप्रमाणे उरलेले एकटे इलेक्ट्रॉन स्पिन समांतर ठेवतात. सिंगापूरच्या गटाने २००७ मध्ये नेमकं हेच मांडलं. त्यांच्या गणिताप्रमाणे दर कार्बनमागे १.७८ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) एवढं मोमेंट, म्हणजे चुंबकीय बळ, यायला हवं होतं. पल्स्ड लेसरने बनवलेल्या फिल्ममध्ये त्यांना १.५ ते ३.० बोर मॅग्नेटॉन मिळालं, आणि क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर हे चुंबकत्व संपतं ते, ४०० केल्व्हिनच्या वर. नायट्रोजन घातला तर एकच होल. काहीही न घालता झिंकचा अणूच जागेवरून गायब असेल, तर शेजारच्या चार ऑक्सिजनवर मिळून दोन होल येतात. लिथियम घातल्यावर जे चुंबकत्व सांगितलं जातं त्याचंही स्पष्टीकरण बहुतेक वेळा या झिंक व्हॅकन्सीतूनच, म्हणजे झिंकच्या रिकाम्या जागेतूनच, दिलं जातं.

ही कल्पना अर्धवाहकांत आली त्याला थोडा इतिहास आहे. २००० साली डिएटल आणि सहकाऱ्यांनी भाकीत केलं की मँगनीज घातलेलं झिंक ऑक्साइड आणि गॅलियम नायट्राइड खोलीच्या तापमानालाही फेरोमॅग्नेटिक (लोखंडासारखं चुंबकीय) राहू शकेल. लगेच जगभर ऑक्साइडमध्ये मँगनीज, कोबाल्ट, लोखंड घालायची लाट आली. त्यातल्या बऱ्याच नमुन्यांत नंतर त्या धातूंचे बारीक गोळे सापडले. तेव्हा साहजिक प्रश्न पुढे आला, की चुंबकीय मूलद्रव्य घातलंच नाही तर? गोळ्यांचा संशय आपोआप मिटेल. २००२ मध्ये एल्फिमोव्ह, युनोकी आणि सावात्स्की यांनी कॅल्शियम ऑक्साइडमधल्या व्हॅकन्सी चुंबकीय असू शकतात असं गणिताने दाखवलं होतंच. २००४ मध्ये डब्लिनच्या कोई यांच्या गटाने हाफ्नियम ऑक्साइडच्या फिल्ममध्ये फेरोमॅग्नेटिझम दिसल्याचं ‘नेचर’मध्ये जाहीर केलं, आणि २००६ मध्ये बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधून सुंदरेसन, सी. एन. आर. राव आणि सहकाऱ्यांनी सीरियम, अ‍ॅल्युमिनियम, झिंक, इंडियम, टिन अशा ऑक्साइडांच्या नॅनोकणांत सरसकट तसंच वर्तन नोंदवलं. तुमचा लूप या रांगेत बसतो, त्यामुळे तो अशक्य आहे असं कुणीच म्हणणार नाही.

अडचण पुढे आहे, आणि पेपरांच्या प्रस्तावनेत ती फार क्वचित लिहिलेली असते. एका कार्बनवर मोमेंट असणं वेगळं आणि पूर्ण पावडर फेरोमॅग्नेटिक असणं वेगळं. मोमेंट एकमेकांपासून सुटे असतील तर पदार्थ पॅरामॅग्नेटिक (फील्ड असेपर्यंतच चुंबकीय) राहतो आणि खोलीच्या तापमानाला त्यात कोअर्सिव्हिटी येत नाही. त्यांनी एकमेकांची दिशा धरायला हवी असेल तर होल शेजारच्या अणूंवर पसरलेले हवेत. पण होल फार पसरले की मोमेंटच विरून जातं. आणि होल एकाच अणूवर घट्ट बसले तर मोमेंट भक्कम राहतं, पण शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. इलेक्ट्रॉनांची रचना काढायच्या साध्या डीएफटी गणितात होल गरजेपेक्षा जास्त पसरलेले दिसतात हा त्या पद्धतीचा माहीत असलेला दोष आहे, त्यामुळे सुरुवातीच्या भाकितांनी फेरोमॅग्नेटिझम वाढवून दाखवला. तो दोष दुरुस्त करणाऱ्या पद्धती लावल्या की कित्येक पदार्थांत मोमेंट राहतं आणि जोडणी जाते.

किती मोमेंट हवेत याचंही गणित झालेलं आहे. कॅल्शियम ऑक्साइडवर ओसोरिओ-गियेन, लानी, बाराबाश आणि झुंगर यांनी २००६ मध्ये ते केलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चुंबकीय साखळी अखंड जुळायला कॅल्शियमच्या निदान ४.९ टक्के जागा रिकाम्या हव्यात. आणि समतोलात, अगदी सोयीच्या परिस्थितीतही, मिळू शकतात जास्तीत जास्त ०.००३ टक्के. म्हणजे हजारपटीहून जास्त तफावत. झिंक ऑक्साइडचे आकडे वेगळे असतील, पण अडचण त्याच जातीची आहे. त्यात झिंक ऑक्साइड मुळातच एन-टाइप, म्हणजे जादा मोकळे इलेक्ट्रॉन असलेलं. हायड्रोजनसारख्या डोनरकडून (इलेक्ट्रॉन देणाऱ्या अशुद्धीकडून) आलेले मोकळे इलेक्ट्रॉन कार्बनच्या होलमध्ये जाऊन बसतात, जोडी जमते आणि मोमेंट संपतं. सोल-जेलच्या पावडरीत हायड्रोजनला तोटा नसतो.

आता तुमचा आकडा घेऊन बसू या, कारण खरी गोष्ट तिथेच कळते. एक ग्रॅम झिंक ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनच्या १ टक्का जागी कार्बन बसला आणि प्रत्येकाने १.७८ बोर मॅग्नेटॉन दिलं, तर सॅच्युरेशन सुमारे १.२ ईएमयू प्रति ग्रॅम यायला हवं. तुमचं आलंय ०.००२. म्हणजे सहाशे कार्बनमागे एक कार्बन काम करतोय आणि बाकीचे गप्प आहेत असं मानावं लागेल. जोडणीसाठी कार्बन दाटीवाटीने हवेत हे वर पाहिलंच. सहाशेतला एक इतक्या लांबच्या दुसऱ्या एकाशी खोलीच्या तापमानाला जुळवून घेईल हे पटत नाही. सगळे जुळलेले कार्बन एकाच कोपऱ्यात, कणांच्या पृष्ठभागावर वगैरे, गोळा झालेत असं म्हणता येतं. पण मग तसं दाखवावं लागेल.

तेच ०.००२ लोखंडाच्या हिशेबात मांडा. धातुरूप लोखंडाचं सॅच्युरेशन ग्रॅममागे सुमारे २२० ईएमयू. तेव्हा तुमचा सगळा सिग्नल द्यायला दर ग्रॅम पावडरीत ९ मायक्रोग्रॅम लोखंड पुरतं, म्हणजे ९ पीपीएम. मॅग्नेटाइट (लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड) असेल तर २२ पीपीएमच्या आसपास. तुम्ही मोजलेल्या ६० मिलिग्रॅममध्ये ते जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम लोखंड होतं. त्याचा एकच कण केला तर व्यास सुमारे ५० मायक्रॉन, साधारण डोक्याच्या केसाच्या जाडीएवढा. ईडीएसला हजार पीपीएमच्या खाली काही दिसत नाही, एक्सआरडीला तर एखादा टक्का असल्याशिवाय दिसत नाही. म्हणून ‘एक्सआरडी आणि ईडीएसमध्ये लोखंड आढळलं नाही’ हे वाक्य खरं असूनही या प्रश्नाला लागू पडत नाही. चांगल्या नियतकालिकाचा रेफरी पहिला आक्षेप यावरच घेईल.

हे लोखंड येतं कुठून? पहिली जागा तुमची बाटली. झिंक अ‍ॅसिटेट डायहायड्रेटचे २१९.५ ग्रॅम भाजले की ८१.४ ग्रॅम झिंक ऑक्साइड उरतं. अ‍ॅसिटेट आणि पाणी उडून जातं, लोखंड जागेवर राहतं, म्हणजे ते २.७ पट दाट होतं. बाटलीत ३ ते ४ पीपीएम लोखंड असलं तरी पावडरीत ९ होतात. लेबल पाहा, ‘लोखंड’ या ओळीसमोर कमाल मर्यादा छापलेली असते, आणि एआर (विश्लेषणासाठीच्या शुद्ध) ग्रेडच्या बाटलीवर ती यापेक्षा जास्त असू शकते. विरघळलेलं लोखंड झिंकच्या जागी एकेकटं बसलं तर ते पॅरामॅग्नेटिक राहतं, हे खरं. पण भाजताना ते एकत्र येऊन झिंक फेराइट (झिंक-लोखंडाचं ऑक्साइड) होऊ शकतं. मोठ्या स्फटिकात झिंक फेराइट खोलीच्या तापमानाला पॅरामॅग्नेटिक असतं, मात्र नॅनो आकारात त्यातले आयन जागा बदलतात आणि ते फेरीमॅग्नेटिक, म्हणजे मॅग्नेटाइटसारखं चुंबकीय, वागू लागतं. तुमचे कण किती नॅनोमीटरचे आहेत ते तुम्हीच कळवलं नाहीत, पण ५०० अंशाच्या सोल-जेलचे म्हणजे लहानच असणार.

दुसरी जागा हाताळणी. हाफ्नियम ऑक्साइडच्या त्या गाजलेल्या फिल्मबद्दल आयबीएमच्या अब्राहम, फ्रँक आणि गुहा यांनी २००५ मध्ये एक छोटा पेपर लिहिला. तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा असं मला मनापासून वाटतं. त्यांनी तशाच फिल्म केल्या, स्वच्छ हाताळल्या, आणि चुंबकत्व काही दिसेना. मग त्याच फिल्म स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरल्या, तर आधीच्या दाव्यांसारखाच सिग्नल आला. चिमट्याने फिल्मच्या कडेला जी अदृश्य ओरखड ठेवली तेवढी पुरली. तुमच्याकडे चिमट्याऐवजी स्पॅट्युला असेल. मॅग्नेटिक स्टररची कांडी मला त्याहून जास्त खटकते. तिचं टेफ्लॉनचं वेष्टण जुनं झालं की बारीक भेगा पडतात, शिवाय आधीच्या कुणाच्या द्रावणातले लोखंडाचे कण ती चुंबक असल्यामुळे अंगाला धरून ठेवते. तुमचं द्रावण तीन-चार तास तीच कांडी ढवळत असते. नमुना चिकटवायची टेप, कुणाच्या तरी आधीच्या फेराइटने माखलेला व्हीएसएमचा होल्डर, सगळं याच यादीत येतं. पावडर स्टीलच्या बॉल मिलमध्ये दळली असेल तर पुढचं काही वाचूच नका, नवीन नमुना करा.

तिसरी जागा आपल्या गावची. सोलापूरची काळी माती दख्खनच्या बेसॉल्टपासून झाली आहे आणि त्या खडकात टायटनोमॅग्नेटाइटचे कण असतात. एक साधी गोष्ट करून बघा. चांगला निओडिमियम चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि गच्चीवर साठलेल्या धुळीतून किंवा सीनेच्या पात्रातल्या वाळूतून फिरवा. पिशवीच्या बाहेर काळ्या कणांची मिशी उभी राहते. एप्रिल-मेमध्ये आपण लॅबमध्ये कूलर लावतो, तो बाहेरची हवा ओढतो, आणि तीच धूळ पेट्री डिशवर, मफलच्या दारावर, उघड्या खलात बसते. युरोपातल्या लॅबचा प्रोटोकॉल जसाच्या तसा उचलला तर या धुळीचा विचार त्यात नसतो, तो आपल्याला करावा लागतो. जेल वाळवताना झाकण ठेवा, अगेटचा खल विरल नायट्रिक अ‍ॅसिडने धुऊन घ्या, पावडर करण्याचं काम कूलर बंद करून करा. उकाडा होतो, मला माहीत आहे. त्या दिवसांत आपल्याकडे खोलीचं तापमानच ३१५ केल्व्हिनच्या घरात असतं. पण हे काम सकाळी लवकर उरकता येतं.

कार्बनच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, तो वेगळा सांगते. २००१ मध्ये ‘नेचर’मध्येच पॉलिमराइझ केलेल्या फुलरीनमध्ये, म्हणजे निव्वळ कार्बनमध्ये, फेरोमॅग्नेटिझम सापडल्याचा पेपर आला होता. क्युरी तापमान ५०० केल्व्हिनच्या आसपास. २००६ मध्ये तो मागे घेतला गेला. नमुन्यांत लोखंड होतं, आणि लोखंड-कार्बनच्या संयुगाचं, सिमेंटाइटचं, क्युरी तापमान ४८० केल्व्हिनच्या आसपास येतं. तुमच्या ग्लुकोजचंही तसंच काहीसं आहे. जेल भाजताना ग्लुकोज जळतं आणि क्षणभर आजूबाजूचा ऑक्सिजन ओढून घेतं. त्या वेळी हेमॅटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या लाल ऑक्साइडचा, मॅग्नेटाइट होऊ शकतो. हेमॅटाइट ग्रॅममागे अर्धा ईएमयूसुद्धा देत नाही, मॅग्नेटाइट ९२ देतो. लोखंड तेवढंच राहूनही सिग्नल दोनशेपट वाढू शकतो. म्हणून ‘ग्लुकोज वाढवलं तसं चुंबकत्व वाढलं, अर्थात ते कार्बनचं आहे’ हा युक्तिवाद पुरेसा नाही. व्हॅक्यूममध्ये भाजलं की वाढतं आणि ऑक्सिजनमध्ये भाजलं की घटतं, यावरून ऑक्सिजन व्हॅकन्सीचा निष्कर्ष काढणारे पेपर पुष्कळ आहेत. लोखंडही अगदी तसंच वागतं.

मुळात तुमच्या पावडरीत कार्बन ऑक्सिजनच्या जागी बसला आहे का, हेही बघायला हवं. हवेत ५०० अंशाला बहुतेक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. एक्सपीएसमध्ये (अणू कशाशी बांधलाय ते दाखवणारी क्ष-किरण चाचणी) २८४.८ इलेक्ट्रॉनव्होल्टला येणारं कार्बनचं शिखर प्रत्येक नमुन्यावर येतं, ते हवेतून चिकटलेल्या मळाचं असतं, आणि आपण त्यावरूनच स्केल जुळवतो. झिंकशी बांधलेला, कार्बाइड जातीचा कार्बन त्याच्या खाली, २८२-२८३ च्या आसपास दिसायला हवा. सिंगापूरच्या पेपरातही मोमेंटचा हिशेब याच कार्बाइडच्या प्रमाणावर केलेला आहे, घातलेल्या एकूण कार्बनवर नाही. रामन वर्णपटात १३५० आणि १५८० च्या जवळ रुंद पट्टे दिसले तर कार्बन कणांच्या बाहेर काजळीसारखा साठला आहे असं समजा. माझा अंदाज असा की तुमच्याकडे कार्बाइडचं शिखर मिळणं कठीण आहे. खरोखर कार्बन बसवायचा असेल तर हवेत भाजणं सोडून आर्गॉन किंवा नायट्रोजनमध्ये भाजावं लागेल. मग वर सांगितलेला लोखंडाचा धोका आणखी वाढतो, आणि त्याची तयारी आधीच ठेवावी लागते.

आता काय करायचं ते. सर्वांत आधी मूळ डेटा मागवून घ्या, बॅकग्राउंड वजा केलेला नको. झिंक ऑक्साइडचा स्वतःचा डायमॅग्नेटिक वाटा १ टेस्लाला ग्रॅममागे उणे ०.००३ ईएमयूच्या पुढेमागे असतो, म्हणजे तुमच्या सिग्नलपेक्षा मोठा. कच्च्या आलेखात मोठ्या फील्डला रेषा खाली झुकलेली दिसलीच पाहिजे. ती झुकली नसेल, सपाट असेल किंवा वर जात असेल, तर पॅरामॅग्नेटिक आयन आत आहेत, आणि त्यात लोखंडाचा नंबर वर लागतो. रिकाम्या होल्डरचं मोजमापही त्याच दिवसाचं मागा.

मग त्याच बाटलीतल्या अ‍ॅसिटेटपासून, त्याच कांडीने ढवळून, त्याच क्रुसिबलमध्ये, ग्लुकोज न घालता एक पावडर करा. तुमच्या पत्रात या नमुन्याचा उल्लेखच नाही. तो नसेल तर तुलना करायला काहीच नाही. त्यानंतर कार्बन घातलेली एकच पावडर चार-पाच भागांत विभागून प्रत्येक भाग वेगळा मोजा. चुंबकत्व पदार्थाचं स्वतःचं असेल तर दर ग्रॅमचा आकडा सगळीकडे जवळपास सारखा येतो. सुट्या कणांचं असेल तर एका भागात पाचपट आणि दुसऱ्यात जवळजवळ शून्य असं काहीतरी दिसतं. एवढ्याच चाचणीने बरेचसे दावे निकालात निघतात. जोडीला एक भाग पाण्यात अल्ट्रासॉनिकने पसरवा, बीकरच्या बाहेरून चुंबक लावून ठेवा आणि वर तरंगणारा भाग वेगळा काढून, वाळवून मोजा. सिग्नल पडला तर तो कण चुंबकाकडे गेला असं समजा. न पडला तर मात्र पुढे जाण्यात अर्थ आहे.

पुढे म्हणजे आयसीपी-एमएस, अगदी अल्प प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणारी चाचणी. पावडर शुद्ध आम्लात विरघळवून लोखंड, कोबाल्ट, निकेल मोजून घ्या, आणि नुसत्या आम्लाचा ब्लँकही द्या. एकूण लोखंड १ पीपीएमच्या खाली आलं तर ०.००२ ईएमयूचं खापर त्याच्यावर फोडता येणार नाही, आणि तुमची बाजू एकदम भक्कम होईल. २० पीपीएम आलं तर लोखंडच कारण आहे हे सिद्ध होत नाही, पण कार्बनचा दावाही उभा राहत नाही. अशा वेळी मला सर्वांत उपयोगी वाटलेली युक्ती म्हणजे लोखंड मुद्दाम घालणं. शुद्ध द्रावणात १०, २०, ५० पीपीएम फेरिक नायट्रेट घाला, प्रत्येकाचे दोन नमुने करा, एक ग्लुकोजसह, एक ग्लुकोजविना, आणि सगळे एकत्र भाजा. लोखंडाच्या प्रत्येक पीपीएममागे तुमच्या पद्धतीत किती ईएमयू येतात हे त्या आलेखातून थेट मिळतं. मग तुमच्या मूळ पावडरीतल्या आयसीपीच्या आकड्याने सिग्नल भरून निघतो की नाही, हे पेपरात एका वाक्यात लिहिता येतं. हा प्रयोग सोलापुरातच, साध्या लॅबमध्ये होतो.

कमी तापमानाचं मोजमाप मिळालं तर १२० केल्व्हिनजवळ चुंबकनाच्या आलेखात वाक दिसतो का ते पाहा. तो मॅग्नेटाइटचा व्हेर्वे बदल असतो. दिसला तर प्रश्न मिटला. न दिसला म्हणून मॅग्नेटाइट नाही असं मात्र म्हणू नका, कारण फार बारीक कणांत आणि टायटॅनियम मिसळलेल्या कणांत, म्हणजे नेमक्या आपल्या मातीतल्या कणांत, तो पुसट होतो किंवा दिसतच नाही. ईपीआर, म्हणजे जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन शोधणारी चाचणी, जरूर करा. त्यात एकट्या मोमेंटचा पत्ता लागतो आणि कार्बनवर किंवा झिंक व्हॅकन्सीवर खरंच स्पिन आहे का, हे लूपपेक्षा जास्त खात्रीने कळतं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी इंदूरच्या यूजीसी-डीएई सीएसआर या संशोधन केंद्राची दारं उघडी आहेत. प्रस्ताव लिहून पाठवा, आणि त्यात वरच्या चाचण्यांचे निकाल जोडा. तयारी दिसली की तिथली माणसं मनापासून मदत करतात.

राहिला पेपरचा प्रश्न. आत्ताच्या लूपवर लिहू नका. कुठेतरी छापून येईल, पण पुढे तुमच्याच प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत ‘लोखंड किती होतं’ या एका प्रश्नावर अडकाल. मार्गदर्शकांना घाई असेल तर त्यांच्यासमोर ९ पीपीएमचा हिशेब मांडा. कागदावर चार ओळींचा आहे, कुणीही अनुभवी माणूस तो पाहून थांबेल. चाचण्यांनंतर चुंबकत्व टिकलं तर तुमच्याकडे खऱ्या अर्थाने मोलाचा निकाल असेल, कारण इतक्या काटेकोरपणे तपासलेले पावडरीचे नमुने साहित्यात थोडेच आहेत. नाही टिकलं, तर लोखंडाच्या पीपीएमविरुद्ध ईएमयूचा तो आलेख, ग्लुकोजसह आणि ग्लुकोजविना, स्वतःच छापण्याजोगा आहे. सोल-जेलवाल्या प्रत्येकाला तो लागेल.

विषय बदलायचा का असंही तुम्ही शेवटी विचारलं आहे. माझ्या मते नका बदलू, पण प्रबंधाचं वजन फेरोमॅग्नेटिझमवरून काढून डिफेक्टवर (स्फटिकातल्या दोषांवर) ठेवा. झिंक व्हॅकन्सी किती, कार्बन कुठे बसतो, होल भरले जातात का, भाजण्याचं वातावरण बदललं की काय बदलतं, हे सगळं ईपीआर, फोटोल्युमिनेसन्स आणि एक्सपीएसवर नीट करता येतं आणि लूप आला-गेला तरी टिकून राहतं. पुढचा नमुना करण्याआधी स्टररची नवीन कांडी मात्र आणा, आणि ती फक्त झिंकच्या द्रावणासाठी, नाव लिहिलेल्या डबीत वेगळी ठेवा.